गोळी एकही चुकली नाही, तरी फिट आली. फिट्सच्या औषधांबाबत तुम्ही काय काय सांभाळता?

केवडा | ४ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचनमात्र, आज लिहायची वेळ आली.

माझा धाकटा भाऊ, वय ३१, चिपळूणला आईजवळ असतो. कॉलेजात असताना पहिली फिट आली. एमआरआय, ईईजी सगळं झालं आणि कार्बामाझेपिन सुरू झालं. २०० ची साधी गोळी, सकाळी एक, दुपारी एक, रात्री दोन. गेली चार वर्षं एकही झटका नव्हता. आम्ही जवळजवळ विसरलोच होतो म्हणा ना.

यंदा गौरीजेवणाच्या दिवशी पंगतीत वाढताना हातातलं वरणाचं भांडं सुटलं आणि तो आडवा झाला. काकांनी दातखीळ सोडवायला चमचा घातला, त्यात पुढच्या दाताचा टवका उडाला. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल. मी घड्याळ बघत होते, साडेतीन मिनिटांत थांबली, मला तो अर्धा तास वाटला.

हॉस्पिटलात रक्तातली औषधाची पातळी काढली: ३.२. रिपोर्टवर खाली लिहिलंय ४ ते १२ हवी. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "गोळ्या बुडवतोस का रे?" तो म्हणाला नाही. आईने डोळे वटारले. घरी आल्यावर रडला हो माझा भाऊ, या वयात. म्हणतो, मी एकही बुडवलेली नाही. आई रोज हातावर गोळी ठेवते, समोर गिळायला लावते, मग बुडणार कशी? तिचंही खरं आणि त्याचंही खरं, असं काहीतरी झालंय.

डॉक्टरांनी डोस वाढवून दिलाय, परवापासून सुरू करायचा. मला एवढंच विचारायचंय की गोळी नियमित घेऊनही पातळी खाली कशी जाते? आणि तुम्ही कोणी ही औषधं घेत असाल, किंवा घरात असतील, तर काय काय पथ्यं पाळता?

---

आंबेमोहर | ४ सप्टेंबर, रात्री ११:१५

केवडा, आधी भावाला सांगा की एका फिटने चार वर्षं वाया जात नाहीत.

मी स्वतः १७ वर्षं औषधावर आहे (लेव्हेटिरासिटाम, त्याआधी फेनिटॉइन, त्याच्या खुणा हिरड्यांवर अजून आहेत). तुम्हाला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारते, राग नको.

मेडिकलमधून या वेळी कंपनी बदलून मिळाली का? गणपतीत जागरण किती झालं? भजनं, पत्ते, पहाटेची फुलं? ताप, जुलाब, उलट्या? दुसऱ्या कशासाठी दुसऱ्या डॉक्टरने काही दिलं का? दारू? आणि "एकही चुकली नाही" म्हणजे वेळाही चुकल्या नाहीत ना? आमच्याकडे गौरीच्या दिवशी सकाळची गोळी नैवेद्य होईपर्यंत थांबायची. "उपाशीपोटी औषध कशाला" म्हणून सासूबाई हातातून काढून घ्यायच्या. आता मी देवाआधी गोळी घेते. देव समजून घेतो, सासूबाईंना वेळ लागला.

---

उगाच_एक | ४ सप्टेंबर, रात्री ११:५२

ही इंग्रजी औषधं आयुष्यभर गिळायला लावतात. आमच्या तालुक्यात एक जण पुड्या देतात, सगळ्या गोळ्या बंद करून २१ दिवस घ्यायच्या. मामेभावाला गुण आला. आणि फिट आली की कापूर हुंगवायचा, लगेच शुद्ध येते.

---

औषधवाला | ५ सप्टेंबर, सकाळी ८:०५

उगाच_एक, तुमच्या आयडीला जागलात.

मी सिंधुदुर्गात मेडिकल चालवतो, २२ वर्षं गल्ल्यावर बसलोय. डॉक्टर नाही, तेव्हा डोसबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पण फिट्सच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्यावर काय होतं ते दोनदा पाहिलंय. एक फिट संपायच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, मध्ये शुद्धच नाही. त्यातून माणूस जातो. ही औषधं बंद करायचीच झाली तर दोनेक वर्षं फिट नसल्यावर डॉक्टर तो विषय काढतात, आणि मग महिनोन् महिने थोडी थोडी उतरवतात. अशा "हमखास" पुड्या तपासल्यावर त्यांत फिनोबार्बिटोन, म्हणजे फिट्सचंच इंग्रजी औषध, सापडल्याची प्रकरणं झालेली आहेत. म्हणजे गुण येतो तो इंग्रजी औषधानेच, फक्त किती घेतलं ते कोणालाच ठाऊक नाही. मामेभावाची पुडी संपली की काय होतं ते कळवा. आणि कापूर पोटात गेला तर ज्याला कधी फिट आली नाही त्यालाही येऊ शकते. आरतीच्या ताटाजवळ रांगतं मूल असेल तर वडी उचलून ठेवा.

केवडाताई, आंबेमोहर यांचे प्रश्न बरोबर आहेत. त्यात माझे दोन. क्षयाचं औषध कोणी सुरू केलंय का? त्यातल्या रिफाम्पिसिनने बऱ्याच औषधांची रक्तातली पातळी पार खाली येते. आणि दुसरा प्रश्न वेडगळ वाटेल: पावसाळ्यात त्या गोळ्या कशात ठेवता?

---

केवडा | ५ सप्टेंबर, दुपारी १:३०

क्षय नाही, ताप नाही, दारू नाही. कंपनी तीच, पाच वर्षं तेच दुकान. जागरण झालं, दोन रात्री. सकाळच्या गोळीला त्या दिवशी साडेदहा वाजले होते, ते मीच कबूल करते.

गोळ्या कशात ठेवता, म्हणून आईला फोन केला. आधी "कशात म्हणजे? डब्यात." मग जरा खोदल्यावर कळलं ते असं. मार्चपासून भावाला स्थळं यायला लागली. पाहुणे येतात, पाणी प्यायला स्वयंपाकघरात येतात, एक काकू तर सरळ फडताळ उघडून बघत होत्या म्हणे. पाकिटावर नाव असतं, हल्ली प्रत्येक जण मोबाइलवर नाव टाकून बघतो. म्हणून आईने मेपासून महिन्याच्या सगळ्या गोळ्या पाकिटातून सोलून काचेच्या बरणीत भरायला सुरुवात केली. बरणी शेगडीच्या वरच्या फळीवर, तिखट-मिठाच्या ओळीत. "कोणी विचारलं तर कॅल्शियमच्या सांगते."

मला हसावं की रडावं कळेना. पण बरणीचा आणि फिटचा काय संबंध?

---

औषधवाला | ५ सप्टेंबर, दुपारी २:१०

संबंध आहे, आणि हे आधी वाचा: वाढवलेला डोस सुरू करायच्या आधी आजच डॉक्टरांना फोन करून बरणीची गोष्ट सांगा. कारण खाली देतोय.

कार्बामाझेपिनचं दमट हवेशी वाकडं आहे. गोळी हवेतला ओलावा धरते, आतले स्फटिक बदलतात आणि गोळी कडक होते. मग पोटात ती नीट विरघळत नाही, काही भाग तसाच बाहेर जातो. दमट जागी राहिलेल्या गोळीची ताकद एक-तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकते, ही जुनी, माहीत असलेली गोष्ट आहे. पाकिटावर "कोरड्या जागी ठेवा" लिहितात ते उगाच नाही. चिपळूणचा पाऊस, त्यात शेगडीवरची फळी, खाली भाताची वाफ, दिवसातून तीनदा बरणीचं झाकण उघडणार. भाऊ खरं बोलतोय. आई पण.

आता फोन का करायचा ते. डॉक्टरांनी डोस वाढवला तो पातळी कमी आली म्हणून. तुम्ही नवं पाकीट आणून त्यातली ताजी, पूर्ण ताकदीची गोळी वाढीव डोसात दिलीत तर पातळी एकदम चढेल. गरगरणं, एकाची दोन दिसणं, पाय लटपटणं, ओकाऱ्या. त्यांनी कदाचित जुनाच डोस ठेवा म्हणून सांगितलं असतं. ते त्यांनीच ठरवायचं, पण ठरवायला त्यांना ही माहिती हवी.

शंभर टक्के बरणीच कारण असं मी म्हणत नाही. दोन रात्रींचं जागरण आणि अडीच-तीन तास उशिरा गोळी, हे दोन्ही धरा.

---

केवडा | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

फोन झाला. डॉक्टर क्षणभर गप्प, मग म्हणाले, "बरणी?" जुनाच डोस, नवं पाकीट, दोन आठवड्यांनी सकाळच्या गोळीच्या आधी पुन्हा पातळी. त्यांनी भावाला फोनवर घेतलं आणि म्हणाले, "सॉरी, मी तुझ्यावर अविश्वास दाखवला." भाऊ दिवसभर शीळ घालतोय म्हणे.

मी आईला बरणीतली एक आणि नव्या पाकिटातली एक अशा दोन गोळ्या पाण्याच्या दोन वाट्यांत टाकायला सांगितल्या. नवी पाच-सात मिनिटांत फुगून पिठासारखी खाली बसली. बरणीतली रात्रीचा भात होईपर्यंत तशीच, खडा. आईने मला व्हिडिओ पाठवला, काही न बोलता.

---

औषधवाला | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२०

बाकीच्यांनी हा वाटीचा प्रयोग कसोटी म्हणून वापरू नये. सीआर, एसआर, क्रोनो असं लिहिलेल्या गोळ्या मुद्दाम हळू सुटणाऱ्या बनवलेल्या असतात, त्या चांगल्या असल्या तरी वाटीत पटकन विरघळणार नाहीत. आणि त्याच गोळ्या कुटून, चावून द्यायच्या नसतात, दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. दोन तुकडे करायचे तरी आधी विचारा.

कंपनीबद्दलही सांगतो, कारण गल्ल्यावर रोज भांडण होतं. जेनेरिक वाईट नाही, जनऔषधीतली गोळी पण चालते. फक्त आज ही, पुढच्या महिन्यात ती, असं करू नका. एक धरा आणि टिकवा. फेनिटॉइनवाल्यांनी तर विशेष. त्याची पातळी सरळ रेषेत चढत नाही, एका टप्प्यानंतर थोडासा जास्त डोसही रक्तात भसकन वाढतो. आणि शेवटची गोळी संपल्यावर दुकानात येऊ नका, आठवडाभराची हाताशी असताना या. आमच्याकडे पुराचं पाणी आलं की गाडीच येत नाही, चिपळूणकरांना मी काय सांगणार.

---

दुपारची_झोप | ६ सप्टेंबर, सकाळी ११:००

तुमचं पातळी खाली, आमचं वर. बाबा ६८, कार्बामाझेपिनवर. जानेवारीत खोकला हटेना, कॉलनीतल्या एका डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. बाबांनी चालू औषधं सांगितली नाहीत, त्यांनी विचारली नाहीत. तिसऱ्या दिवशी बाबा सकाळी फिरायला गेले आणि फुटपाथवरून झोकांड्या खात परत आले. शेजारच्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "अहो, तुमचे वडील सकाळी सकाळी…" आयुष्यात कधी थेंब न घेतलेला माणूस! त्यांना माझी दोन डोकी दिसत होती. न्यूरोच्या डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली आणि कपाळाला हात लावला. ते अँटिबायोटिक यकृतात कार्बामाझेपिनचा निचरा अडवतं, पातळी चढत जाते.

तेव्हापासून बाबांच्या पाकिटात आधारच्या मागे एक कागद असतो: औषधाचं नाव, डोस, वेळा, माझा नंबर. दाताच्या डॉक्टरकडेही तोच कागद.

---

आंबेमोहर | ६ सप्टेंबर, दुपारी १२:२५

हो, हे फार होतं. मला सांगून ठेवलेली नावं: कंबरदुखीला ट्रामाडॉल नको, जुलाब-लघवीच्या त्रासाला सर्रास देतात ती सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनच्या घरातली औषधं विचारल्याशिवाय नकोत, त्यांनी फिटचा उंबरठा खाली येतो, म्हणजे फिट सहज येऊ शकते. व्हॅल्प्रोएट (हेही फिट्सचंच औषध) घेणारा माणूस आयसीयूत गेला तर मेरोपेनेम हे अँटिबायोटिक देण्याआधी तिथल्यांना व्हॅल्प्रोएटची आठवण नातेवाइकांनी स्वतःहून करून द्यावी, पातळी दिवसा-दोन दिवसांत कोसळते.

एक चुकली तर? माझ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय: लक्षात आल्याबरोबर घ्या, पुढचीची वेळ जवळ आली असेल तर सोडा, दोन एकदम नाही. पण हे ज्याच्या-त्याच्या औषधावर आहे, तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. रात्री अकरा वाजता कोण फोन उचलतं?

आणि लेव्हेटिरासिटामबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मीच सांगते. सुरू झाल्यावर दोन महिने मी कुकरच्या शिट्टीवर चिडायचे. नवरा म्हणाला, तू अशी नव्हतीस. मला वाटलं लग्नाची दहा वर्षं बोलतायत. औषध होतं ते. काहींना नुसती चिडचिड नाही, फार काळोख येतो, जीव नकोसा होतो. तसं झालं तर लाज न बाळगता त्याच दिवशी सांगायचं. गोळी मनाने बंद मात्र नाही.

---

निशिगंध | ६ सप्टेंबर, संध्या. ५:१० (लेस्टर, इंग्लंड)

मुलींच्या आयांनी हे वाचा. मला १९ व्या वर्षी पुण्यात व्हॅल्प्रोएट सुरू झालं. वजन वाढलं, केस गेले, पण मूल व्हायच्या वेळी काय, हे कोणी बोललं नाही. "लग्न झाल्यावर बघू." इथे आल्यावर नर्सने पहिल्याच भेटीत तासभर समजावलं. गर्भारपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर दर १०० बाळांत साधारण १० ना जन्मजात व्यंग, आणि ३० ते ४० मुलांना पुढे बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी येतात. इथे जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालच्या कोणालाही, बाई असो की पुरुष, ते नव्याने सुरू करायला दोन तज्ज्ञांची संमती लागते.

माझं औषध मूल ठरवायच्या दीड वर्ष आधी, हळूहळू, लॅमोट्रिजिनवर नेलं. सोबत फोलिक अ‍ॅसिड. मुलगी आता चार वर्षांची, मला व्याकरण शिकवते. पण दिवस गेलेत हे कळल्यावर घाबरून गोळी फेकू नका. मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अजून दोन. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, तिचा असर कमी होतो. लॅमोट्रिजिनचं उलटं, नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनने लॅमोट्रिजिनच खाली जातं. आणि लॅमोट्रिजिन मुंगीच्या पावलाने वाढवतात ते अंगावरच्या पुरळाच्या भीतीने. ताप, पुरळ, तोंडात फोड आले तर "उष्णता झाली" म्हणून सब्जा पीत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. कार्बामाझेपिनलाही हेच. चार-पाच दिवस गोळ्या बुडाल्या असतील तर लॅमोट्रिजिन पूर्वीच्या पूर्ण डोसाने पुन्हा सुरू करायचं नाही, विचारून.

---

घाटमाथा | ७ सप्टेंबर, सकाळी ९:३५

दाताचा टवका उडाला म्हणालात म्हणून. फिटमध्ये तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा. हातपाय दाबून धरायचे नाहीत. डोक्याखाली मऊ काहीतरी, झटके थांबले की कुशीवर, घड्याळ बघायचं (ते तुम्ही केलंत). पाच मिनिटांवर गेली की दवाखाना. आमच्या मुलासाठी डॉक्टरांनी फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे लिहून दिलाय, किती फवारे ते वजनावर. शाळेच्या दप्तरात एक, घरी एक. एक्स्पायरी बघत चला, आमचा एक दप्तरातच वर्ष उलटून गेला होता.

न्हाणीघराला आतून कडी नाही. विहीर, पोहणं एकट्याने नाही. गाडीचं म्हणाल तर लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये अपस्मार (फिट्सचा आजार) आहे का असं सरळ विचारलेलं असतं, खोटं लिहून चालवू नये. भावाची बाइक असेल तर किल्ली सध्या आईच्या कमरेला.

---

आंबेमोहर | ७ सप्टेंबर, सकाळी १०:५०

केवडा, बोलू का नको असं दोन दिवस चाललंय. बरणी नडली पावसाने, पण भरली स्थळांमुळे.

१९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेखच काढून टाकला. त्याआधी वारंवार फिट्स येणाऱ्याचं लग्न त्या कारणावरून कोर्टातून रद्द करून घेता यायचं. आज अपस्मार आहे म्हणून लग्न मोडता येत नाही. लपवलं मात्र असेल तर फसवणूक म्हणून कोर्टात ओढता येतं. मी माझ्या नवऱ्याला दुसऱ्याच भेटीत सांगितलं, हॉटेलात, डोसा येईपर्यंत. त्याआधी तीन जण उठून गेले होते. पुण्यात संवेदना नावाचा आधारगट आहे, त्यांच्याकडे लग्नाळू मुलंमुली येतात, तिथे सगळं उघड असतं. आईंना एकदा घेऊन जा.

---

केवडा | ७ सप्टेंबर, रात्री ९:१५

वाचून दाखवलं आईला. डोसा येईपर्यंत या वाक्याला हसली. बाकी काही बोलली नाही.

---

केवडा | २४ सप्टेंबर, रात्री ८:३०

धागा वर काढतेय. दोन आठवड्यांनी पातळी आली ६.८. त्याच डोसावर. फिट नाही, गरगरणं नाही. डॉक्टरांनी सोडियम पण तपासलं, ठीक आहे. त्यांनी आता प्रत्येक पेशंटला "गोळ्या कशात ठेवता" विचारायला सुरुवात केलीय म्हणे.

गोळ्या पाकिटातच, पाकिटं झाकणाच्या डब्यात, डबा आतल्या खोलीतल्या कपाटात. रोज सकाळी त्या दिवसाच्या चार गोळ्यांचा भाग कात्रीने पाकिटासकट कापून आई भावाच्या खिशात देते. दसऱ्यानंतर एक स्थळ येणार आहे, संगमेश्वरचं. कोण काय बोलणार यावर घरात अजून एकमत नाही.

औषधवालादादा, शेवटचा प्रश्न. बरणीत अजून ४० एक गोळ्या आहेत. आईला टाकवत नाहीत, पैसे गेलेत म्हणते. आणि तिला बरणी सुपारीला हवीय.

---

औषधवाला | २४ सप्टेंबर, रात्री ९:०५

गोळ्या देणार नाही कोणाला, ठेवणार नाही, संडासात टाकणार नाही. तुमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याला विचारा, काही जण मुदत संपलेल्या मालाबरोबर परत घेतात. नाही घेतल्या तर वापरलेल्या चहापत्तीत कालवून, पिशवीला घट्ट गाठ मारून कचऱ्यात, पोराबाळांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशा.

बरणी साबणाने दोनदा धुवा, उन्हात वाळवा. सुपारी पण मऊ पडेल त्या फळीवर, सांगून ठेवतो.